लायबनिसांची पानं

सावळीराम त्या रविवारी व्याख्यानाला गेला तो ऐकायला नव्हे, हार पोचवायला. सन चौतीसचा दसरा नुकताच झाला होता. झेंडूची तोड अजून चालू होती आणि मखमलाबादच्या रस्त्यावरच्या त्याच्या मळ्यातून नाशकात रोज फुलांच्या पाट्या जात होत्या. वाचनालयाच्या चिटणिसांनी वक्त्यासाठी एक हार सांगितला होता. तो घेऊन सावळीराम आत शिरला तर सभागृहात खुर्च्याच खुर्च्या, आणि माणसं हाताच्या बोटांवर. त्यातला एक घोरत होता. चिटणिसांनी सावळीरामाचा दंड धरला आणि कानाशी लागून म्हणाले, "बस की जरा. तेवढीच एक खुर्ची भरलेली दिसेल."

सावळीराम बसला. खुर्चीची सवय नव्हती म्हणून पाय वर घेऊन मांडी घातली, रिकामी पाटी पुढ्यात ठेवली आणि मिशीला पीळ भरत समोर बघू लागला. मिशी पीळ भरण्यासारखीच होती. बाजारात तो गर्दीतून येत असला की आधी मिशी दिसे आणि मग सावळीराम.

वक्ते होते गोरक्ष मास्तर. मनमाडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि नाशकात येऊन राहिले. इथे आल्यावर त्यांना एका जर्मन पंडिताचं वेड लागलं. लायब्निझ त्याचं नाव. होऊन गेला त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली होती, पण मास्तर त्याच्याबद्दल असे बोलत की जणू सख्खा मामाच. मामांच्या डोक्यावर खांद्यापर्यंत रुळणारा काळ्या केसांचा टोप असे. मामांनी बेरीज-गुणाकार करणारं पितळेचं यंत्र बनवलं होतं. खाणीतलं पाणी उपसायला मामांनी पवनचक्क्या लावल्या, त्या काही चालल्या नाहीत, पण कल्पना उत्तम होती. तिथल्या राजघराण्याने मामांना आपला इतिहास लिहायला सांगितला, तर त्यांनी पृथ्वी तापलेली होती ती थंड कशी झाली, तिथून सुरुवात केली. एक राजा गेला, दुसरा आला, तिसरा आला, इतिहास काही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. हे सगळं नाशकातल्या लोकांनी इतक्यांदा ऐकलं होतं की मास्तर समोरून येताना दिसले की माणसं गल्ली बदलत.

सावळीरामाला मात्र हे नवीन होतं. टोपाची गोष्ट त्याला आवडली. नंतर मास्तर देव, आत्मा आणि तर्क यांकडे वळले तेव्हा त्याचे डोळे मिटायला लागले. ते उघडले एका वाक्याने.

"एकदा राजवाड्याच्या बागेत लायब्निझ म्हणाले, या जगात अगदी हुबेहूब सारखी दोन पानं नाहीत. तिथे एक सरदार होता, तो हट्टाला पेटला. अख्खी बाग पालथी घातली त्याने. सापडली नाहीत!"

सावळीराम खदखदून हसला. घोरणारा माणूस दचकून जागा झाला.

"कोण हसलं?" मास्तरांनी चष्मा वर सरकवला.

"मी हसलो, मास्तर. त्या सरदाराला झाडाचं काय कळतंय? मी दर सोमवारी कपालेश्वराला पाटीभर बेल देतो. समदी पानं एका साच्यातली!"

"अशक्य आहे."

"आनून दाखवू?"

"दाखवा! पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, इथेच. आणलीत तर मी याच खुर्चीवर उभा राहून सांगेन की लायब्निझ चुकले."

"त्यात तुमचं काय गेलं? लायबनीस चुकले तर लायबनिसाचं गेलं."

लोक हसले. मास्तर लालबुंद झाले. त्यांनाही मिशी होती, पांढरी, बारीक, दुधाच्या पेल्यातून नुकतंच तोंड वर काढल्यासारखी. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मग ही गेली. आणि नाही आणलीत तर तुमची."

सभागृहात 'ओहोहो' झालं. निवाडा कोण करणार असा प्रश्न आला तेव्हा छताजवळून आवाज आला, "मी बघतो की." सगळ्यांनी वर पाहिलं. हारुन घड्याळजी शिडीवर चढून वाचनालयाचं बंद पडलेलं घड्याळ खोलत होता. एका डोळ्याला त्याने भिंग लावलं होतं. त्या भिंगातून त्याला डासाच्या पायावरचे केस दिसतात, असं लोक म्हणत. त्याच्याहून चांगला पंच नाशकात मिळाला नसता.

घरी आल्यावर सावळीरामाने हे बायकोला सांगितलं. मालनबाई भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला.

"ह्ये लायबनीस कोन? फडनिसांचे पावने का?"

"जर्मनीतले हायेत. मेले कवाच."

"आनि मेलेल्या मानसाशी पैज लावून तुमी मिशी घालवनार?"

"घालवनार कशाला? उद्या सकाळी बेलाखाली बसतो. न्याहारीच्या आत काम उरकतंय."

दुसऱ्या दिवशी तो मळ्याच्या कडेच्या बेलाखाली बसला. एक त्रिदळ डाव्या हातात, एक उजव्या. लांबून जुळी भावंडं. जवळ आणावीत तर एकाचं मधलं पान जरा लांबोडकं. ते टाकलं, दुसरं घेतलं. त्याचा देठ आखूड. तिसऱ्याला कडेला बारीक दाते जास्त. न्याहारी झाली, दुपार झाली. आजवर जी पानं त्याला एका साच्यातली वाटत होती, त्यांतल्या एकाचंही तोंड आता दुसऱ्याशी जुळेना. संध्याकाळी सावळीराम मांडीएवढ्या ढिगात बसून होता आणि त्याला वाटू लागलं होतं की झाड मुद्दाम करतंय.

मग त्याने डोकं चालवलं. मोठ्या पानात फरक मोठा, तर बारीक पान घ्यावं! तो चिंचेचा पाला घेऊन हारुनच्या दुकानात गेला. हारुनने भिंग लावलं, दोन इवलीशी पानं चिमट्याने काचेवर ठेवली आणि म्हणाला, "सावळीरामभाऊ, ह्याला एक शीर जास्त आहे." सावळीराम "बघू बघू" म्हणत वाकला आणि त्याच्या श्वासाने दोन्ही पानं एका उघड्या घड्याळात जाऊन पडली. ते घड्याळ एका वकिलाचं होतं. पुढे ते वेळ बरोबर दाखवायचं, पण किल्ली देताना चिंचेसारखा आंबट वास यायचा, अशी वकिलांची तक्रार होती.

"मग उलटं करू," सावळीराम म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो दोन आख्खी केळीची पानं डोक्यावर धरून भर बाजारातून निघाला. वाटेत भेटेल तो विचारी, "कुणाकडे पंगत आहे?" काहीजण उत्तराची वाट न बघता मागोमाग चालू लागले. हारुनच्या दुकानात पानं मावेनात, म्हणून रस्त्यावर अंथरली. हारुन गुडघ्यांवर बसून एका टोकाकडून भिंगाने बघत निघाला, मागे पंगतीची आशा धरून आलेली मंडळी. तेवढ्यात एक टांगा आला आणि एका पानावरून गेला.

हारुनने उभं राहून गुडघे झटकले. "आता तर नक्कीच सारखी नाहीत."

बातमी गावभर झाली. आतापर्यंत मास्तरांना चुकवणारी माणसं त्यांना थांबवून लायबनिसांचं कसं काय म्हणून विचारू लागली. भाजीबाजारात बायका मेथीची जुडी सोडून पान पानाला लावून बघत. मालनबाई बाजारात बसत असे, तिचा जीव मेटाकुटीला आला. "घ्यायची तर घ्या बाई, लायबनीस नका करू!" असं ती ओरडू लागली, आणि बाकीच्या माळणींनी ते उचललं. कुणी वांगी फार निवडली, की तो लायबनीस करत होता. एका गिऱ्हाइकाने तर नवरी बघायला जाऊन आल्यावर सांगितलं, "आमच्या मुलाने फार लायबनीस केलं, स्थळ हातचं गेलं."

सगळ्यात वाईट अवस्था मास्तरांची झाली, पण ते कुणाला माहीत नव्हतं. ते कळलं शुक्रवारी सकाळी. मालनबाई फुलं तोडायला मळ्यात आली तर बेलाच्या झाडातून कण्हल्याचा आवाज येत होता. वर बघते तर पानांत काहीतरी पांढरं हलतंय. तिने हातातली पाटी टाकली आणि अशी बोंब ठोकली की सावळीराम विळा घेऊन धावत आला.

"कोन हाय रे वर?"

"मी आहे," झाड म्हणालं. "गोरक्ष. जरा हळू बोला."

मास्तर दोन फांद्यांच्या बेचक्यात अडकले होते. बेलाच्या काट्यांनी त्यांचं धोतर चहूबाजूंनी धरून ठेवलं होतं. एका हातात पान होतं, दुसऱ्या हातात पान होतं, त्यामुळे धरायला हात उरला नव्हता.

"मास्तर, तुमी? चोरी करायला?"

"चोरी नाही, खात्री करायला." मास्तरांचा आवाज रडवेला झाला. "मी ते पुस्तकात वाचलं, सावळीराम. वाचून लोकांना सांगितलं. पण मी स्वतः कधी झाडाकडे पाहिलं का? नाही! पैज लागल्यापासून माझा डोळ्याला डोळा नाही. माझ्यामुळे लायब्निझांची नाशकात अब्रू गेली तर?"

"मग खाली या की."

"येता येत असतं तर आलो नसतो?"

सावळीराम वर चढला आणि एकेक काटा सोडवू लागला. वेळ जावा म्हणून त्याने विचारलं, "आनखी काय म्हनायचे हो लायबनीस?"

"ते म्हणत," मास्तर फांदीला कवटाळून सांगू लागले, आणि एवढ्या अडचणीतही त्यांच्या आवाजात व्याख्यान शिरलं, "देवाला जेवढी म्हणून जगं करता आली असती, त्या सगळ्यांत हे जग उत्तम आहे. आई गं!"

खाली मालनबाईने फाटत चाललेल्या धोतराकडे पाहिलं. "मग बाकीच्या जगातल्या बेलाला किती काटे असतील!"

धोतर वरच राहिलं. मालनबाईने पाठ फिरवून एक गोणपाट वर फेकलं, ते गुंडाळून मास्तर उतरले. तिने गुळाचा चहा केला. चहा पिता पिता मास्तरांनी हातातली दोन पानं सावळीरामाला दाखवली, सावळीरामाने दोन्हींतला फरक दाखवला, मग त्याने दोन दाखवली आणि मास्तरांनी फरक काढला. ऊन चढेपर्यंत दोघे शेजारी शेजारी बसून पानं बघत होते. आपण एकमेकांविरुद्ध आहोत हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. मालनबाईने आठवण केली तेव्हा मास्तर गोणपाट सावरत उठले आणि कडक चेहरा करून निघून गेले.

आणि ठरलेल्या रविवारी दुपारी ती पानं सापडली. सावळीराम सोमवारचा बेल तोडत होता. एकाच डहाळीवर, शेजारी शेजारी, दोन त्रिदळं. त्याने पाहिलं. डोळे चोळून पाहिलं. मग तो खालीच बसला आणि हाक मारली. मालनबाई आली, तिने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! ही तर एकच दोनदा!"

ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने पानं मुंडाशात ठेवली, बेलाची पाटी बरोबर घेतली आणि वाचनालय गाठलं. वाटेत पाटी देवळाच्या पुजाऱ्याकडे टाकायची होती, पण धीर निघाला नाही. सभागृहात मुंगीला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, दारात माळणी, आणि पहिल्या रांगेत चिमाजी न्हावी आपली धोकटी मांडीवर घेऊन बसलेला. कुणीही हरलं तरी त्याचं काम होतंच.

हारुनने टेबलावर पांढरं फडकं पसरलं, पानं ठेवली, भिंग लावलं. एक पान बघितलं. दुसरं बघितलं. पालथी घालून बघितली. दिव्यासमोर धरली. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने भिंग काढलं आणि मास्तरांकडे फार वाईट वाटल्यासारखं पाहिलं.

"मास्तरसाहेब, मला तरी फरक दिसत नाही."

एकच गलका झाला. सावळीरामाने मुंडासं उडवलं. मास्तरांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. चिमाजीने वस्तरा काढून पट्ट्यावर घासायला घेतला. शेजारच्या माणसाने आनंदाच्या भरात हारुनपुढे तपकिरीची डबी धरली, हारुनने चिमूट ओढली आणि पुन्हा एकदा बघावं म्हणून पानांवर वाकला.

तो शिंकला. साधंसुधं नाही; टेबलावरचं फडकंसुद्धा उडालं. दोन्ही पानं हवेत गेली, गिरक्या खात खाली आली आणि सावळीरामाच्या पायाशी असलेल्या बेलाच्या पाटीत पडली.

सगळे पाटीत डोकावले.

"पुरावा गेला," मास्तर हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला होता.

"गेला कुठं?" सावळीराम उकिडवा बसला. "थांबा जरा." त्याने पाटीत हात घातला. पानं बाजूला सारत गेला आणि थोड्याच वेळात एक त्रिदळ वर काढलं. "ह्ये एक." पुन्हा हात घातला. "आनि ह्ये दुसरं."

"कशावरून?" मास्तर ओरडले. "पाटीत एवढी पानं आहेत! हीच ती दोन कशावरून?"

"कशावरून म्हंजे? दुपारपासून बघतोय मी यांच्याकडं. वळखत नाय का? ह्ये डावीकडचं. ह्ये देठाशी वाईच वाकतंय बघा, रुसल्यावानी. आनि ह्ये उजवीकडचं ताठ हाय, आमच्या घरच्यांवानी मान वर करून..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. हातातल्या पानांकडे त्याने पाहिलं. मग मास्तरांकडे. मग परत पानांकडे.

हारुनने भिंग लावून निरखलं. "वाकतंय खरं," तो म्हणाला. "अल्लाकसम, वाकतंय."

मग जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. दारातल्या माळणी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मालनबाईला आपल्या मानेबद्दल चारचौघांत बोलल्याचा राग आला होता, पण तोही टिकेना. हसले नाहीत ते मास्तर. ते व्यासपीठावरून उतरून सावळीरामाजवळ आले. "मिशी राहू द्या," ते म्हणाले. "मला नको."

"शबूद दिलाय, मास्तर. चिमाजी, ये."

चिमाजीने भर सभेत मिशी उतरवली. सावळीराम घरी आला तर कुत्रं त्याच्यावर भुंकलं. मालनबाई कंदील वर धरून त्याचं तोंड बघत राहिली.

"काय बघती?"

"वरच्या ओठावर तीळ हाय की तुमच्या," ती म्हणाली. "लग्नात दिसला व्हता. मला वाटलं, कुठं गेला."

पुढच्या व्याख्यानाला सावळीराम हार न घेता, नुसता ऐकायला गेला. खुर्ची मिळायला मारामार होती. मास्तरांनी त्या दिवशी लायब्निझांचा शेवट सांगितला. म्हातारपणी सांधे धरले. त्यांचा राजा इंग्लंडच्या गादीवर बसायला लंडनला गेला, पण यांना नेलं नाही. आधी तो इतिहास पुरा कर म्हणाला. इकडे ते वारले. एवढा मोठा पंडित, पण अंत्ययात्रेला त्यांच्या कारकुनाखेरीज दरबारातलं कोणी फिरकलं नाही, असं सांगतात.

सावळीराम उभा राहिला. "कुनीच नाय?"

"नाही."

"हार कुनी घातला मग?"

मास्तरांनी पुस्तकं आठवून पाहिली. "हाराचा उल्लेख नाही."

"ह्ये काय बरं नाय," सावळीराम म्हणाला. त्याच्या नव्याने उघड्या पडलेल्या ओठाला कंप सुटला. पैजेत हरला तेव्हा त्याला एवढं लागलं नव्हतं. "मानूस इतकं खरं बोलला आनि त्याला एक झेंडूचं फूल नाय? तिथी कवा असती त्यांची?"

तिथी मास्तरांना सांगता येईना, तारीख चौदा नोव्हेंबर. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, झेंडू अजून मळ्यात होता. सावळीरामाने हात लांब करून धरला, तो जमिनीला टेकेल एवढा हार गुंफला. मालनबाईने विचारलं, त्यांना आवडायचं काय? मास्तर म्हणाले, गोड. दारूतसुद्धा साखर घालून पीत, असं वाचलंय. मालनबाईने दारूचा भाग सोडून दिला आणि पातेलंभर शिरा केला.

गोदावरीच्या घाटावर भटजींनी पाण्याकडे तोंड करून विचारलं, "मृताचं गोत्र?"

मास्तर चाचरले. "ते जर्मन होते."

"गोत्र माहीत नसलं की कश्यप. नाव?"

"गॉटफ्रीड."

"गोदाफ्रीद?" भटजींनी वळून पाहिलं. "गोदेवरून ठेवलेलं दिसतंय. छान. इथलेच का मूळचे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सावळीरामाने त्यांच्या पायावर पाय दिला. "व्हय म्हना," तो पुटपुटला.

"हो," मास्तर म्हणाले.

हारुन टोपी नीट करून जरा बाजूला उभा राहिला आणि त्याने आपल्या परीने दुवा मागितली. चिमाजी आला होता, वाचनालयाचे चिटणीस आले होते, बाजार लवकर उरकून माळणी आल्या होत्या, आणि केळीच्या पानांमागून चालत गेलेली मंडळीही आली होती, कारण या वेळी खरंच काहीतरी खायला होतं. सावळीराम गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने हार सोडला. तो हळूहळू फिरत, थोडा रेंगाळत पात्रात निघाला. मास्तर पायरीवर उभे राहून गर्दी मोजत होते. गणिताचा माणूस, पण मध्येच डोळे पुसायला गेले आणि चुकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकले.

शिरा मात्र पुरला नाही.